न मोजलेले तेवीस आवाज

देवमनजींच्या कॉम्प्युटरचा आवाज घरात कोणालाच आवडत नसे. नाकात बोलणारा, घोगरा, मराठी शब्द इंग्रजी वळणानं चावणारा. देवमनजींनी मात्र त्याच्याच भरवशावर अठ्ठावीस वर्षं काढली होती. ते जन्मापासून आंधळे. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते, तेव्हा एका संस्थेनं त्यांना हे बोलणारं यंत्र दिलं. ते रोमन अक्षरांत मराठी टाइप करत आणि आतल्या कार्डावरची चिप ते वाचून दाखवी. साठीनंतर कान मंदावले, तरी हा आवाज त्यांना कळे. मोबाइलमधल्या बाईचं गोडगोड बोलणं म्हणजे नुसता गलका.

मार्चमध्ये यंत्र अडखळू लागलं. त्यांची भाची आरती अकोल्याला घरी बसून प्रोग्रामिंगचं काम करायची आणि हौस म्हणून एक लायब्ररी, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा कोडचा संच, लिहीत होती. जुन्या कॉम्प्युटरांतल्या आवाजाच्या चिप जशा बोलत, तसंच नव्या कॉम्प्युटरला बोलायला लावणारी. मामाजींची चिपही तिच्यात बसवायची, असं तिनं ठरवलं. यंत्र गेलं तरी आवाज राहील.

“मामाजी, कार्ड अकोल्याले नेऊ द्या. एकेक आवाज मोजा लागते.”

“किती दिवस?”

“पंधरा.”

“पंधरा दिवस मी मुक्यावानी राहू?” ते म्हणाले. मग यंत्राचे पेच स्वतःच सोडवून त्यांनी कार्ड तिच्या हातात ठेवलं. “सांभाळून ने वो बाई.”

चिपचे सुटे आवाज चौसष्ट. आरती एकेक वाजवायची, त्यात घुमणारा सूर किती, फसफस किती, ते मोजायची आणि तेवढं कोडमध्ये उतरवायची. एकेचाळीस झाले. बेचाळिसाव्याला, भर दुपारी, मोजायच्या सळईचं टोक घामेजल्या बोटांतून सरकलं आणि चिपच्या शेजारच्या धातूच्या पायाला टेकलं. बारीकसा ‘टक्’ झाला. जळका वास आला. चिप पुन्हा बोलली नाही.

तशी दुसरी चिप तिनं कुठं कुठं शोधली, मिळाली नाही. उरलेले तेवीस आवाज तिनं आजूबाजूच्या आवाजांवरून अंदाजानं बनवले. दीड महिना ती मामाजींना फोनवर ओरडून सांगत राहिली, “काम चालू हाये.”

मेअखेरीस ती लॅपटॉप घेऊन अमरावतीला गेली. मामाजींनी आपलं नाव टाइप केलं. स्पीकरमधून तोच नाकातला आवाज आला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी टाइप केलं, ‘शंभर’.

“हा श कोनाचा हाये?”

“तोच हाये, मामाजी.”

“नाई. कार्ड लाव. दोनी आयकू.”

आरतीला पुढं रेटवेना. “कार्ड जळालं. माह्या हातानं.”

त्यांनी कळांवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “कवा?”

“दीड महिना झाला.”

“जळालं ते जळालं,” ते म्हणाले. “पन मले काहून नाई सांगतलं? मले तो पाठ होता. तवा कान तरी यापेक्षा बरे होते.”

त्यानंतर दर रविवारी ती सकाळच्या गाडीनं अमरावतीला येऊ लागली. ती आवाज वाजवी, ते आठवून सांगत. “आनखी खरखरीत.” “शेवटी दाबून टाक.” पावसाळा सरेपर्यंत अकरा आवाज जमले. मग एका रविवारी, नुसत्या फसफशीच्या एका आवाजाला, कोडमधला फसफशीचा भाग सुरू करायचाच ती विसरली. स्पीकरमधून काहीच निघालं नाही.

“आता, मामाजी?”

“आता बरोबर.”

पडद्यावर आवाजाची पातळी शून्य दिसत होती. तिनं पुन्हा वाजवलं.

“हो हो. हाच.”

मान कलती करून, तिला बरं वाटावं म्हणून ते हसत होते. कानाचं यंत्र आधीच लावून पाहिलं होतं. त्यातून नुसती घरघर यायची. “झालं मग,” एवढंच आरती बोलली. उरलेल्या बारा आवाजांपुढं तिनं कोडमध्ये ‘अंदाजे’ लिहिलं आणि लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. खरी चिप कधी न ऐकलेल्या लोकांनीही कळवलं, आवाज अगदी हुबेहूब आहे.

डिसेंबरात मामाजींनी तिला एक पत्र छापायला सांगितलं. घरासमोरच्या तुंबलेल्या नालीची तक्रार होती. तिनं फाइल उघडली. तीन पानं, एकही शब्द वाचता येईना. लॅपटॉपच्या कळांवरच्या खुणा त्यांच्या बोटांना नीट लागत नसत. बोटं एक घर उजवीकडं सरकली होती आणि शेवटपर्यंत तशीच राहिली होती. स्पीकर सुरू होता. चुकलेलं प्रत्येक अक्षर त्यानं शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं वाचलं होतं.

आरतीनं त्यांचे हात धरले, कळांवर ठेवले आणि एक घर डावीकडं सरकवले. ते थबकले.

“सारंच?”

तिनं त्यांच्या तळहातावर बोटानं तीन पानांच्या तीन रेघा ओढल्या.

“मंग बंद कर तो स्पीकर,” मामाजी म्हणाले. “कोनासाठी बोलून राह्यला?”

तिनं तो बंद केला. अक्षरं सरळ करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडून पत्र वाचू लागली, एकेक शब्द, दोनदा, तीनदा. चौथ्या ओळीतल्या ‘जुलैपासून’ला त्यांनी हात वर केला.

“नाली जूनपासून तुंबली हाये,” ते म्हणाले. “जुलै नाई. जून कर.”