त्या दुपारी मी ओरडले नाही

मी कोंबडी बोलतेय. औसा तालुक्यातल्या एका गावात, कोंडाबाईच्या अंगणात ऊन खात बसलेली, पिसं झडलेली, अंडी देणं केव्हाच थांबलेली म्हातारी कोंबडी. आमची जात तशी बडबडी. एक अंडं घातलं की सगळ्या गल्लीला सांगत सुटते. पण एक गोष्ट मी आजवर पोटात ठेवली, आणि आता ती पोटात राहत नाही.

माझा जन्म याच अंगणातला. अकरा पिल्लं निघालो, त्यातली तीन पहिल्याच आठवड्यात घारीनं उचलली. मग कोंडाबाईनं सुताला द्यायच्या लाल रंगाची पुडी पाण्यात कालवली आणि आम्हा आठही जणांना त्यात बुचकळून काढलं. असली लालभडक पिल्लं घारीनं कधी पाहिली नसावीत. वरच्या वर दोन घिरट्या घातल्या आणि गेली निघून. तेव्हापासून कोंडाबाईचा त्या रंगावर भारी विश्वास बसला.

मी मोठी झाले, अंगानं भरले आणि खुराड्याची मालकीण झाले. आमच्यात कुणी आधी खायचं हे ठरलेलं असतं. माझ्याआधी कुणी दाणा टिपला की तिच्या टाळक्यात चोच बसायची. एकदा बसली की पुन्हा मारावी लागत नसे. अंगण मोठं होतं, कोंडाबाई सुपानं ज्वारी टाकायची, सगळ्यांना पुरायची. मला वाटायचं, माझ्या धाकानंच सगळं सुरळीत चाललंय.

मग ते साल आलं. पावसानं पाठ फिरवली आणि त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. आता कचेरीच्या कामाला उस्मानाबाद गाठायला नको म्हणून कोंडाबाईचा मुलगा भीमा खूश. त्या खुशीत त्यानं आमचा एकुलता एक कोंबडा कापला. कोंडाबाई रस्सा वाढता वाढता म्हणाली, "जिल्हा झाला, लई चांगलं झालं. आता पाऊस कवा होतो ते बी इचार की त्या सायबाला."

कोंबडा गेला आणि त्याचं काम माझ्याकडे आलं. घार, बोका, मुंगूस, काही दिसलं की पहिली हाक मी द्यायची. मी द्यायचेही. मला त्याचा अभिमान होता.

दिवाळीनंतर घरातली सगळी माणसं खडी फोडायला जाऊ लागली. मुकादम सकाळी हजेरी घ्यायचा, उशीर झाला की परत पाठवायचा. अंगणात राखणीला कुणी उरलं नाही. म्हणून कोंडाबाई जाताना आम्हाला खुराड्यात कोंडायची, फळीला दगड लावायची आणि दिवस मावळताना येऊन सोडायची. एवढ्याशा जागेत सात जणी, फुटक्या खापरात पाणी आणि मूठभर कोंडा. करायला काही नाही. अशा वेळी चोच काय करते, ते मला विचारा.

त्यातच भीमाची बायको पंचशीला माहेरी, धर्माबादकडे जाऊन आली आणि येताना एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घेऊन आली. एसटीत अख्खी वाट पदराखाली धरून आणलेली. मान उघडी, पिसांशिवायची, तांबूस. पंचशीलेनं तिचं नाव चिन्नी ठेवलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. ती चिन्नीशी माहेरच्या तेलुगूत काहीतरी बोलायची, आणि चिन्नी मान वाकडी करून ऐकायची.

तिला आमच्यात सोडलं त्या क्षणी मी तिच्या मानेवर चोच मारली. का? नवी होती म्हणून. माझ्यासमोरून न वाकता गेली म्हणून. आणि खरं सांगायचं तर, तिला हातावर घेऊन दाणे भरवताना मी पाहिलं होतं म्हणून. मी मारली, मग बाकीच्या सहाजणींनाही मुभा मिळाल्यासारखं झालं. चार दिवसांत तिची पाठ उघडी पडली, रक्त आलं.

कोंडाबाईनं पाहिलं आणि लाल रंगाची पुडी काढली.

"आत्या, रंग नगं," पंचशीला म्हणाली आणि कोपऱ्यातल्या पालथ्या टोपल्याकडे, डालग्याकडे, बोट केलं. "हिला येगळी ठिवू. डालग्याखाली."

"डालग्याखाली करडू हाय. त्याला सोडलं तर शेळीचं समदं दूध पिऊन बसंल. आगं, घार फसली, मग ह्या फसणार न्हाईत व्हय?"

कोंडाबाईनं मोठ्या मायेनं चिन्नीची पाठ रंगवली. तिला कसं कळावं, की लाल दिसलं की आमची चोच आवरत नाही? घार लांबून बघते, आम्ही जवळून. त्या दिवसापासून चिन्नी म्हणजे एक चालती जखम होऊन गेली. फळी उघडली की ती बाहेर पळायची, आणि आत यायच्या वेळी मी दारात उभी राहायचे.

एका सकाळी मुकादमाची शिट्टी वाजली तरी पंचशीला तिला आत ढकलत होती आणि मी बाहेर हाकलत होते. शेवटी पंचशीला रडकुंडीला आली. "ऱ्हाऊ द्या आत्या. आत मारायल्यात. त्यापरीस भाईर बरी." मग शेजारच्या ज्ञानोबातात्यांना तिनं हाक मारली. तात्यांचे गुडघे गेलेले, ते कामावर जात नसत, लिंबाखाली बाजेवर पडून असत. "तात्या, माझ्या चिन्नीवर जरा ध्यान ठिवा."

"हाव, जा तू. कोंबड्या वरडल्या की उठतोच मी. काठी हाय उशाला."

दुपारी तात्यांचा डोळा लागला. फळीच्या फटीतून मला कुंपणातून मुंगूस सरकताना दिसलं. चिन्नीच्या आधी मला दिसलं. ती सावलीला बसली होती, मान पंखात घालून.

मी ओरडले नाही.

भीतीनं दातखीळ बसली म्हणायला मला आवडलं असतं. पण आम्ही फळीआड होतो, दगड भक्कम होता, भ्यायचं काही कारण नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं, जाऊ दे. गेली तर गेली. आणि मी ओरडले नाही म्हणून बाकीच्याही गप्प राहिल्या, कारण आधी मी ओरडायची रीत मीच घातली होती.

मुंगूस अगदी जवळ आलं तेव्हा चिन्नीला कळलं. ती पळाली, आणि कुठं पळाली म्हणता? आमच्याकडे. खुराड्याच्या फळीवर येऊन आदळली, पंख आपटले, फटीतून चोच आत घातली. तिची चोच माझ्या चोचीपासून बोटभर अंतरावर होती. मग ती मागं ओढली गेली.

दिवस मावळता पंचशीला आली आणि अंगणभर पसरलेली लाल पिसं बघून मटकन खाली बसली. "म्याच भाईर ठिवली. म्याच मारली तिला."

"न्हाई पोरी, रंग म्या लावला," कोंडाबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

ज्ञानोबातात्या काठी टेकत आले, मान खाली घालून. "कोंबड्या वरडल्याच न्हाईत बघ. एक बी न्हाई."

"भेदरल्या आसतील बिचाऱ्या," पंचशीला म्हणाली. तिनं मला उचललं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि घरातून आणलेले ज्वारीचे चार दाणे, त्या दुष्काळाच्या सालीही, मला हातावर भरवले. मी ते खाल्ले.

नंतर पंचशीला शहाणी झाली. नवी तलंग आणली की आठ दिवस डालग्याखाली ठेवते, एकमेकींना नुसतं बघू देते. कुणाला जखम झाली की चुलीतली काजळी तेलात कालवून फासते, म्हणजे लाल दिसत नाही. कोंडावं लागलं तर पाल्याची पेंढी उंच टांगते, मग चोची तिकडे गुंततात. फटींना जाळी मारली. तिच्या खुराड्यात आता कुणी कुणाचा जीव घेत नाही.

परवा पाहुणे आले. कोंडाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ही काय कामाची आता? हिलाच टाकू रश्शात."

पंचशीलेनं मला छातीशी धरलं. "ही न्हाई, आत्या. चिन्नीच्या टायमाची ही एकलीच उरली. हिच्याकडं बघितलं की चिन्नी आठवती मला." मग हळूच म्हणाली, "त्या दिशी म्या तिला आत ढकललं आसतं तर..."

सहा वर्षं झाली, ती अजून हेच म्हणते. मी तोंड उघडते आणि तिला वाटतं, म्हातारीला भूक लागली. ती दाणे आणते.

म्हणून तुम्हाला विनवते. कधी औशाकडे आलात, आमच्या अंगणात टेकलात, तर तिला सांगा. म्हणावं, बाई, त्या दुपारी तुझं काही चुकलं नव्हतं. जिला तू जपतेस, तिनं बघितलं होतं. एवढं सांगा, आणि मग तिला माझं जे करायचं असेल ते करू द्या.