सोडते ना, ताई

“आली बघ ती तोंड तपासणारी. आता पुन्हा आ करून बसा.”

पडद्याआडची गोजराबाईंची कुरकुर सविताला स्वच्छ ऐकू आली. ती खोकली आणि चप्पल काढून आत शिरली. घरभर तंबाखू भाजल्याचा खरपूस वास पसरला होता.

“मिश्री सोडली हो ताई आत्याबाईंनी,” सून हर्षाली घाईघाईने म्हणाली आणि तव्यावर परात पालथी घातली.

“मग वास कसला येतोय?”

“शेजारचा असंल.”

गोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तर्जनी काळी, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी मान डोलावली: सोडली, सोडली.

एकलहऱ्याजवळच्या या वस्तीत सविता वर्षभर हेच ऐकत होती. बायकांची दातांना मिश्री लावायची सवय कोणत्या उपायाने सुटते, याचा अभ्यास एक संस्था करत होती. उपाय पुण्याच्या मॅडम शोधायच्या, उंबरे सविता झिजवायची. आधी मोबाइलवर रोज सकाळी संदेश पाठवले. पण मोबाइल नवऱ्यांच्या खिशात. गोजराबाईंचे मालक तेवढे वैतागले. ‘आज मिश्री लावू नका, ताई’ हा संदेश कामावर सगळ्यांनी मोठ्याने वाचला होता. मग सडलेल्या तोंडाचं चित्र वाटलं. गोजराबाईंनी ते साखरेच्या डब्याला चिकटवलं. आता म्हणे साखर महिनाभर पुरते.

तिसरा उपाय जोडीदारणीचा. एकीने दुसरीला रोज विचारायचं, आठवण द्यायची. एका घरातल्या जोड्या सोयीच्या, असं मॅडमना वाटलं आणि सासूला सून जोडून दिली. आता कोणती सून सासूला विचारणार? हर्षाली तर सासूला स्वतः मिश्री भाजून देत होती. नाही म्हणायची तिची काय टाप!

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गोजराबाईंच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. सविताच त्यांना हाताला धरून सिव्हिलला घेऊन गेली होती. मिश्री थांबली तर चट्टा जाईलही, नाही थांबली तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. रिक्षात गोजराबाई म्हणाल्या होत्या, “सोडते ना, ताई.”

“दाखवा मावशी.”

गोजराबाई मोरीत जाऊन खळखळून चूळ भरून आल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. सविताने बॅटरी मारली. चट्टा वाढला होता. मधे लालसर झाला होता.

तिने बॅटरी विझवली. पुढचा प्रश्न विचारायचा होता, ‘या उपायाचा तुम्हाला किती उपयोग झाला? खूप, थोडा, मुळीच नाही.’ तिच्याच्याने तो विचारवेना.

“मावशी, मी मूर्ख आहे का?” ती एकदम ओरडली. “वर्षभर सोडली, सोडते, सोडणार! संदेश नको, चित्र नको, जोडीदारीण नको. मग काय करू मी? तुमच्या दारात धरणं धरू?”

“चहा टाकू का ताई?” हर्षाली पुटपुटली.

“नको मला चहा!”

“ओरडू नको गं,” गोजराबाई शांतपणे म्हणाल्या. “तुझ्या उपायात खोट नाय. तू लय चांगली हायेस, म्हणून आम्ही सगळ्या सोडते सोडते म्हणतो. तुझं मन मोडू नये म्हणून.”

“म्हणजे?”

गोजराबाईंनी पदराने ओठ पुसले.

“तोंडात मिश्री असली ना, की बाईला कोणी हाक मारत नाय. मारली तरी तिला ओ देता येत नाय. पाणी दुसरी भरती, रडतं पोर दुसरी उचलती. लगीन होऊन आले तवापासून दिवसातला तेवढाच वेळ माझा हाय.”

हर्षाली तव्यापाशी तशीच उभी राहिली.

“मरायचं भ्या मला बी हाय, ताई. पण मला सोडायचीच नाय.”