काडीशिवाय पेटलेला बेडका

तेरखेड्यात धूरनाथ महाराजांनी पहिला बेडका पेटवला, तेव्हा दीडशे माणसं दर्शनाला बसली होती. गोवरीवर काळपट राख, राखेवर बेडका, कडेला तीर्थाचे चार थेंब. महाराज ओरडले, "रोगा, जळ!" क्षणभर काहीच झालं नाही. मग धूर निघाला आणि काडी न लावता भडका उडाला. दीडशे माणसं उठून पळाली. आमचं गाव फटाक्यांचं आहे. आपोआप आग लागली की आधी पळायचं, कशानं लागली ते नंतर विचारायचं. स्फोट होत नाही म्हटल्यावर सगळे परत आले आणि पाया पडले.

पाया पडण्यात माझी आई धुरपदाबाई पहिली होती. ती पळालीच नव्हती. तिला पळता येत नव्हतं.

वीस वर्षं तिनं कारखान्यात बॉम्बला सुतळी गुंडाळली. खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले, फटाक्याच्या दारूचा आहे. आमच्याकडं सगळ्या खोकल्यांचं हे एकच नाव. सहा महिन्यांनी बेडक्यात रक्त आलं. एका खाजगी डॉक्टरनं नुसता एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या दिल्या. तीन महिने आईनं त्या इमानानं खाल्ल्या आणि चौतीस किलोंवर आली.

"गोळ्या बंद!" महाराज म्हणाले. "औषध अन् अग्नी एका घरात नांदत न्हाईत. पाच बेडके जाळू. रामलिंगला बघा, तिसऱ्यातच ठणठणीत!"

रामलिंग गळ्यात हार घालून उभा होता. हारामुळं त्याला नीट खोकता येत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासणाऱ्या तबस्सुमताईंनी मला प्लास्टिकची डबी दिली. मी आईला म्हणालो, "सकाळचा बेडका अर्धा महाराजांना दे, अर्धा ताईंना."

"देवाचा नैवेद्य उष्टा करू व्हय रं?"

"बेडक्याचा नैवेद्य कुठला देव खातो, आई?"

ती हसली, हसताना खोकली, आणि डबी भरली.

महाराजांकडं अर्धा बेडका झकास पेटला. उरलेला अर्धा यंत्रात गेला. दोनेक तासांनी ताईंनी बोलावलं.

"जंतू आहेत. हे यंत्र त्यांचं जनुक वाचतं. आधार कार्डच समज. मावशींच्या जंतूनं कार्डावरचा पत्ता बदललाय. मुख्य गोळी रोज जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते. गुण कसा येणार? दुसरी औषधं आहेत, पण लगेच पाहिजेत. उशीर केलास, तर मग मी काही करू शकत नाही."

घरी आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "माझा रोग तर जळला. समद्यांनी बघितला. पुन्हा गोळ्या न्हाय गिळवत, लेकरा. चारच बेडके ऱ्हायलेत."

माझ्याकडं युक्ती उरली नव्हती. शेळी होती.

दुसऱ्या दिवशी आईला पाठीवर घेतलं आणि डबी खिशात. "महाराज, हा माझ्या मावशीचा बेडका," मी थाप मारली. भडका उडाला. "तीन पिढ्यांचा दोष!" महाराज गरजले.

"महाराज, ही आमच्या चंद्री शेळीची लाळ आहे. तिला बाप ठाऊक नाही, तिसरी पिढी कुठली?"

लोक हसले, पण कुणी उठलं नाही. "शेळीलाबी दोष असतो," रामलिंग म्हणाला आणि खोकला.

तेव्हा गफारचाचा उठले. चाळीस वर्षं फटाक्यांची दारू मिसळणारा माणूस. त्यांनी चिमूटभर राख तांब्यातल्या पाण्यात टाकली. पाणी जांभळं झालं. तीर्थ बोटांत चोळलं. चिकट.

"ही विहिरीत टाकायची जांभळी भुकटी. अन् हे ग्लिसरीन. दोन्ही भेटले की आपसूक पेटतेत." त्यांनी कोऱ्या गोवरीवर दोन्ही टाकलं, बेडक्याशिवाय. गोवरी पेटली. "एरवी काडीशिवाय आग लागली तर आपण पंचनामा करतो. ह्या एका आगीला नारळ फोडले! म्याबी फोडला, थू माझ्यावर."

महाराज लघवीला म्हणून गेले, ते अजून आलेले नाहीत.

आई त्या गोवरीकडं बघत राहिली. मग तिनं छातीवर हात ठेवला. "म्हंजे माझा हितंच हाय. चल, कुठाय तुझी ताई?"

रामलिंग अकराव्या दिवशी गेला. हार खुंटीलाच होता, तोच घातला. आईला नवी औषधं सुरू होऊन पाच आठवडे झालेत. वजन छत्तीस. ती वाचेल का, हे ताई सांगत नाहीत. मीही विचारत नाही. वजनकाट्याला विचारतो.

दोन आठवडे खोकला राहिला, तर त्याला दारूचा म्हणू नका. बेडका जाळू नका, डबीत द्या. महाराजांच्या अग्नीला शेळी आणि माझी आई यांतला फरक कळला नाही. यंत्राला दोन जंतूंमधला कळला. ज्याला फरक कळतो, त्याला विचारा.