मानेवरून कपाळावर

मी एक जुना केस आहे. वय विचाराल तर ज्याच्या डोक्यावर उगवलो त्या तेजसएवढंच, म्हणजे तिशीला टेकलेलं. मित्रांनो, वर दिसतो तेवढाच केस, असं तुम्ही धरून चालता. ती आमची नुसती वाढ. ती कापली, गळली, तरी खाली मूळ असतं. तुमच्याशी बोलतंय ते मूळच.

माझा जन्म पुण्याजवळच्या वाघोलीचा. तेव्हा तिथे इमारती कमी आणि ज्वारी जास्त होती. बजरंगअण्णा आणि मथुराबाई यांचा तेजस हा एकुलता मुलगा. माझी जागा त्याच्या डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर. तिथे आरसा पोहोचत नाही, म्हणून आम्हा मागच्यांना कोणी विचारत नाही. लाड सगळे पुढच्यांचे. भांग त्यांचा, जेल त्यांना, फोटोत तेच. पण आम्हाला एक गोष्ट मिळाली, ती पुढच्यांच्या नशिबी नव्हती. अण्णांचा हात.

कात्रजला वाघ बघायला नेलं, तेव्हा अण्णांनी पोराचं बोट धरलं नाही. मागून मानेवर तळवा ठेवला आणि बैल वळवावा तसं त्याला गर्दीतून वळवत नेलं. पुढे पोरगा इंजिनिअर झाला, आयटीत लागला, तरी सवय सुटली नाही. तो जेवत असला की मागून जाताना तळवा टेकायचाच. "खा नीट." एवढंच बोलायचे. तळवा खरखरीत होता. आम्हाला तोच कंगवा.

पंचविशीत पुढच्या मंडळींनी काढता पाय घेतला. इतके लाड झाले, पण एकानेही जाताना मागे वळून पाहिलं नाही. एका लग्नात चुलतभाऊ सुदर्शन भर मांडवात ओरडला, "तेज्या, टोपी घाल रं, फोटूत लाइट मारतोय!" सगळे हसले. अण्णाही हसले. "आमच्या घराण्याचं हाय ते. मला बघा, कंगव्याची कटकटच नाय!" तेजससुद्धा हसला. पण मागची कातडी कशी ताठली, ते फक्त आम्हाला कळलं. पुढच्याच महिन्यात एका स्थळाकडून निरोप आला की मुलगा चांगला आहे, फक्त फोटोतला आणि समोरचा वेगळा वाटतो.

तेजस केसांच्या दवाखान्यात गेला. तिथली शेफाली गोड बोलणारी. "सर, ऑफर फक्त ह्या वीकेंडपर्यंत आहे हं." जणू रविवार उलटला की डोकंच मिळणार नव्हतं! नशीब, आत डॉक्टर पूर्णिमा होत्या. त्यांनी आधी आम्हा मागच्यांना भिंगातून नीट पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आमची दखल घेतली.

"नवा केस कोणीही बनवत नाही, तेजस. मागचा काढून पुढे लावायचा. मागचा साठा संपला की संपला. त्यामुळे शाळेतल्या फोटोसारखं कपाळ मागू नका."

"ओके, डॉक्टर."

"लावलेले केस महिन्याभरात गळतील. घाबरायचं नाही, मूळ आत असतं. नवे उगवायला तीन-चार महिने, नीट दिसायला वर्ष. शिवाय तुमचे आधीचे केस पुढेही विरळ होत राहतील, ते हे ऑपरेशन थांबवत नाही. काही महिने पुढे वस्तरा लावायचा नाही. कुठली औषधं चालू आहेत? सिगारेट?"

"ऑकेजनली."

"बंद करा. आणि घरी सांगितलंय ना?"

"हो, घरी माहितीये."

मित्रांनो, त्या क्षणी मी ताठ उभा राहिलो. केसच तो, आणखी काय करणार? घरी त्याने सांगितलं होतं की कंपनी ट्रेनिंगला बंगळूरला पाठवतेय. पोराने केसांसाठी ऑपरेशन केलं, हे कळलं असतं तर सुदर्शनला जन्मभराचं हसू मिळालं असतं. तेजसला त्याचीच भीती होती.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. सुईने डोकं बधिर केलं, बारीक गोल पात्याने मला मुळासकट काढलं, थंड पाण्यात ठेवलं आणि संध्याकाळी कपाळाच्या वर रोवलं. आयुष्यभर मागे राहिलेला मी एका दिवसात लाडक्यांच्या गादीवर बसलो. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

काही दिवस मित्राच्या फ्लॅटवर काढून तेजस टोपी घालून घरी आला. रात्री जेवायला बसला. अण्णा मागून गेले आणि सवयीने तळवा टोपीखाली सरकला. तिथे आम्ही नव्हतो. होते बारीक खड्डे आणि वाळलेल्या खपल्या.

"काय रं हे?"

"काही नाही हो अण्णा, ॲलर्जी आहे. हात नका ना लावू!" तेजसने मान झटकली.

मी आता पुढे होतो. मला फक्त झटका कळला, हात नाही कळला. तो तळवा पुन्हा कधी आला नाही.

दोन दिवसांनी तेजस गच्चीत मित्राशी फोनवर बोलत होता. "सहा महिने काही सांगता येत नाही म्हणतात रे. वर्ष जाईल. घरी पत्ता नाहीये, तू बोलू नकोस." जिन्यात अण्णा उभे होते. तसेच मागे फिरले.

आणि पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी, तेजस ऑफिसात असताना, अण्णा अंगणात खाटेवर बसले ते उठलेच नाहीत. छातीत कळ आली होती.

दहाव्याला सगळे नदीच्या घाटावर जमले. मुलाने डोकं भादरायचं असतं. न्हावी गेनबा घरातलाच, तेजसचं जावळ त्यानेच काढलेलं. तेजसने टोपी काढली. पुढच्या बाजूला काय होतं? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे माझी वाढ गळून गेली होती. गुलाबी कातडीखाली आम्ही नुसती मुळं होतो. तेजसला डॉक्टरांचे शब्द आठवत होते. तरी तो बसला आणि म्हणाला, "सगळं काढा, गेनबाकाका."

"थांबा!" मथुराबाई पुढे आल्या. "ह्याला वस्तरा लावायचा नाय."

"अगं काकू, एकुलता हाय तो," सुदर्शन म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"ह्याच्या डोक्यातली गाठ काढलीय. आपल्या जिवाला घोर नको म्हणून पोरानं लपवलं. पण त्याच्या डोक्यावरच्या जखमा ह्यांच्या हाताला लागल्या होत्या, जिन्यात त्याचं फोनवरचं बोलणंबी ह्यांनी ऐकलं होतं. तवापासून ह्यांच्या छातीत कळ यायची. म्हनलं, दवाखान्यात चला. तर म्हणाले, पोराचं आधी निभू दे, त्याला माझ्यामागं पळायला लावू नको. आन् म्हणाले, मला काय झालं तर त्याच्या डोक्याला वस्तरा लागू देऊ नको. जखम ओली हाय."



"आई," तेजस म्हणाला. "गाठ नव्हती."

"मग?"

"केस लावून घेतले. पुढे."

ज्याच्या हसण्याला भिऊन हे सगळं झालं, तो सुदर्शन हसला नाही. तो नदीकडे बघत राहिला.

 मथुराबाई हळूच म्हणाल्या, "गाठ नव्हती, हे बरं झालं."

तेजसने गेनबाचं मनगट धरलं. "काढा ना काका! मुळासकट निघू देत!"

तेव्हा मथुराबाईंनी आपला तळवा माझ्यावर ठेवला. पुढच्या सगळ्या गुलाबी कातडीवर. "ते सांगून गेलेत. त्यांचा शब्द मी मोडायची नाय." गेनबाने वस्तरा मिटला, कात्री काढली आणि मागची एक बट कापून नदीत सोडली.

मित्रांनो, मी वाचलो तो असा. एका बापाच्या गैरसमजावर मी उभा आहे. आज मी दाट आहे, काळा आहे. ऑफिसात माझं कौतुक होतं. शेफालीने आधीचा आणि नंतरचा फोटो मागितला, तेजसने दिला नाही. जेवताना कधी कधी तो स्वतःचाच हात मागे नेतो. त्याचा तळवा मऊ आहे. मागे उरलेले माझे भाऊबंद त्याला ओळखत नाहीत.

तुम्हाला केस लावायचे तर खुशाल लावा, त्यात लाज कसली? पातं डॉक्टरच्याच हातात असेल ना, ते विचारा. मागे साठा किती आहे, ते विचारा. ऑफर संपू द्या. वर्षभर धीर धरा. पण कोणी मागून हात ठेवून "काय रं हे?" म्हणालं, तर मान झटकू नका. त्या हाताला खरं सांगा.