मी ड्रमामागची केबल

मी टीव्हीमागची ऑप्टिकल केबल बोलतेय. माझ्यातून वीज जात नाही, तांबडा उजेड जातो आणि पलीकडे साउंडबारमध्ये त्याचा आवाज होतो. म्हणून इतर वायरींमध्ये मी जरा तोऱ्यातच असे. आता तो तोरा उरला नाही.

अभयने मला औरंगपुऱ्यातल्या दुकानातून उस्मानपुऱ्याच्या घरी आणलं ते वडिलांसाठी. सखारामबाबांचे कान कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून मंद झाले होते. पहिल्याच दिवशी साउंडबार मुका! अभय सगळी सेटिंग्ज धुंडाळून घामाघूम झाला. बाबांनी मला हातात घेतलं आणि माझ्या टोकावरचं इवलंसं प्लास्टिकचं टोपण नखाने उपसलं.

"आरं, आधी तिचं तोंड तर उघड!"

सगळे हसले. तेव्हापासून मला बाबा आवडले.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी. रोज संध्याकाळी बाबा बातम्या ऐकत आणि जायकवाडीत किती टक्के पाणी उरलं ते दारात येऊन गल्लीला सांगत. शेजारचे कडुबा त्यावर आपली आंघोळ ठरवत. कान गेल्यापासून कोपऱ्यात बसलेला माणूस पुन्हा माणसांत आला होता.

एका पाण्याच्या दिवशी सुनेने, सुलेखाने, भरलेला ड्रम घाईघाईत टीव्हीच्या टेबलाकडे रेटला. मी मध्ये सापडून दुमडले. वरून धड दिसत होते, पण आतला तंतू मोडला आणि उजेड तिथेच अडला.

त्याच संध्याकाळी घरात पाहुणे होते. आवाज येईना आणि रिमोट बाबांच्या हातात. अभयने सेटिंग बदललं, साउंडबार बंद करून चालू केला. मग त्याचा तोल गेला.

"कितीदा सांगितलं बाबा, नको ती बटणं दाबू नका!"

"म्या काय नाय केलं रं," बाबा म्हणाले. पाहुणे खाली बघू लागले. मला फार वाईट वाटलं. आवाज नेणारी मी, पण एक शब्द बोलता येईना.

आठवड्याने ड्रम रिकामा झाला, सरकवला, तेव्हा सुलेखाला माझ्यावरची घडी दिसली. माझं एक टोक टीव्हीत ठेवून तिने दुसऱ्यात डोकावून पाहिलं. अंधार.

"अहो, केबलच मोडलीय. ड्रम मीच रेटला होता."

दुसऱ्या दिवशी अभयने नवी केबल आणली. या घरात बापाची माफी मागायची रीत नाही. त्याने नुसता रिमोट पुढे केला. बाबांनी घेतला नाही. "तूच लाव," म्हणाले.

आता मी त्याच ड्रमाच्या तोंडावरचं फडकं बांधून धरते. तुम्हाला एवढंच सांगते, कुणावर खेकसण्याआधी एकदा टेबलामागे वाकून बघा.

काल संध्याकाळी बातम्या चालू होत्या, आवाज खणखणीत. कडुबांनी दारातून विचारलं, "सखाराम, धरण किती टक्के?"

"मला नाय ऐकू येत," बाबा म्हणाले. "पोराला इचार."