पाच घासांचा तक्ता

"पहिला घास दारच्या चिमणीचा गं, दुसरा घास शेजारच्या गायीचा गं, तिसरा कोणाचा? ज्याला भूक, त्याचा गं त्याचा..."

हा आवाज माझ्या आईचा. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात, तापानं तोंड कडू झालेल्या मला ती असं म्हणत म्हणत भरवायची. मी मान फिरवायची, तो आवाज थकायचा नाही. चाळीस वर्षं झाली, कानातून गेला नाही.

म्हणून जेव्हा देवश्री मॅडमनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं की मुलाला रोज आपल्या हातानं पाच घास भरवा, डोळ्यांत पाहून भरवा, तेव्हा मी मनात हसले. हे मला कोणी शिकवायचं?

समता कॉलोनीत दाताच्या दवाखान्यावर एक हॉल आहे. तिथे दर शनिवारी आम्ही सात जोडपी जमायचो. मारलेली, छळलेली मुलं आम्ही सांभाळायला घरी आणली होती. तुटलेला जीव माणसाशी पुन्हा कसा जुळवायचा, त्याचं हे ट्रेनिंग. आमच्याकडे तीन महिन्यांपासून श्रावणी, सहा वर्षांची, बीरगांवहून आलेली. आईबाप नाहीत, मावशीनं फार हाल केले, एवढंच मला ठाऊक. कागदपत्रांचं सगळं माझ्या यजमानांनी, नरहरींनी पाहिलं. ते रेल्वेत बाबू, कागद त्यांच्या हातचा मळ.

घरी भिंतीवर तक्ता होता. रोजचे पाच चौकोन, घास घेतला तर बरोबरची खूण. श्रावणी स्वतःच्या हातानं, भिंतीकडे तोंड करून, ताट चाटूनपुसून खायची. माझा हात पुढे आला की ओठ शिवल्यासारखे. आईचं गाणं म्हटलं तर कानांवर हात. मला राग यायचा. वरणावर तुपाची धार सोडावी, फुंकून फुंकून निववावं, आणि या पोरीनं मान फिरवावी! एकदा मी तिची हनुवटी धरली, दाबून धरली. भात तिच्या फ्रॉकवर सांडला, ती रडलीसुद्धा नाही.

रात्री नरहरी विचारायचे, "आज किती?"

"शून्य," मी म्हणायची. ते पेन घेऊन पाच फुल्या मारायचे आणि दिवा घालवायचे.

शेवटच्या शनिवारी सगळ्यांसमोर भरवून दाखवायचं होतं. मॅडमचा अहवाल मुलं घरी देणाऱ्या समितीकडे जाणार. जीव जुळला नाही असं त्यात आलं, तर श्रावणी परत बालगृहात.

"हमारा वाला तो दो हफ्ते में सीख गया, दीदी," बाजूची सोनिया म्हणाली. तिचा मुलगा तिच्या मांडीवर लोळत होता. मी दात आवळले.

डबा उघडला. घास केला. श्रावणीचे ओठ बंद. मॅडमचं पेन तयार. सगळा हॉल माझ्या हाताकडे पाहत होता.

"खा ना वो बाई," मी म्हटलं. "एक घास. एकच."

घास मी ओठांवर टेकवला. ती चावली. बोटातून रक्त आलं, आणि माझा दुसरा हात आपोआप वर गेला. थांबला, पण वर गेला होता. सगळ्यांनी पाहिला.

श्रावणी हलली नाही. तिनं डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं, मोठ्ठं. जीभ आत ओढून घेतलेली, गाल थरथरत होते.

"अब नइ काटँव," ती पुटपुटली. पुन्हा चावणार नाही.

"देखा?" मॅडम पुढे सरकल्या. "मुँह खोला उसने! द्या आता, लवकर द्या."

"गप बसा!" मी ओरडले. असं मी आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. "हे भुकेचं तोंड आहे? दिसत नाही तुम्हाले? ही शिक्षा घेऊन राहिली! काय केलं हिच्या तोंडाचं? बोला ना!"

"ताई, मैं तो सिर्फ ट्रेनिंग देती हूँ," त्या मागे सरकल्या. "पूरी फाइल मला दाखवत नाहीत. घरवाल्यांना पहले ही पढ़वाते हैं, साइन के टाइम."

"कोणाले वाचवली? मले तर नाही."

मॅडमनी माझ्या शेजारी पाहिलं. नरहरी बुटांकडे पाहत होते.

घास अजून माझ्या मुठीत होता. तो मी डब्यात फेकला. श्रावणीसमोर खाली बसले, दोन्ही हात पाठीमागे नेले. "तोंड मिट बेटा. कोणी काही देऊन नाही राहिलं." तिनं एक डोळा उघडून माझे हात शोधले. ते दिसत नाहीत म्हणून आणखीच घाबरली. मग मी ते दोन्ही जमिनीवर पालथे ठेवले. तेव्हा कुठे तोंड मिटलं.

"तीन महिने," मी नरहरींकडे न पाहता म्हटलं. "रोज रात्री विचारत होते तुम्ही, आज किती. फुल्या मारत होते. बोला आता. इथंच, या साऱ्यांसमोर."

"घरी जाऊन बोलू, वनमाला."

"इथं!"

त्यांनी चष्मा काढला.

"मले माहीत होतं. फाइलमध्ये लिहिलं होतं. पोरगी चुकली की तिची मावशी जवळ बसवायची, डोळे मिट म्हणायची, तोंड उघड म्हणायची, अन् घासासारखं तिखट भरवायची. मुठीनं. मी वाचलं अन् सही केली. तुले सांगितलं असतं तर तू घाबरून नाही म्हटली असती. मले घरात लेकरू पाहिजे होतं. नंतर तू घास करताना रोज पाहत होतो, रोज वाटे उद्या सांगीन. तुझी चूक नव्हती. तिचीही नव्हती. माझी होती, अन् मी फुल्या मारत बसलो."