सुना मागून जेवतात

महेंद्रने बायको केली ती सिलोनची, आणि आणून ठेवली ती मायाच्या डोळ्यांसमोर. शारजाच्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये दोघं कामाला होती. तिकडेच लग्न उरकलं, घरी नुसता फोटो पाठवला. मग तिला दिवस गेले, नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसाही गेला, तेव्हा साहेबांना बदलापूर आठवलं. हेंद्रेपाड्याच्या फ्लॅटमध्ये तिला आईपाशी सोडून तो त्याच दुपारी परत विमानात बसला. निघताना मायाला म्हणाला, वहिनी, तिला इथलं काही म्हणजे काही माहीत नाही, तुम्हीच शिकवा.

हे तो मायाला सांगत होता. जिच्या सख्ख्या बहिणीशी, मीनलशी, त्याचा साखरपुडा झालेला होता, अंबरनाथला हॉल ठरलेला होता, तिला. मीनल त्यानंतर कितीतरी दिवस गॅलरीतसुद्धा उभी राहिली नव्हती. मायाच्या वडिलांनी हेंद्रेपाड्याची पायरी चढायची नाही म्हणून सांगितलं होतं. माया मात्र रोज त्याच पायरीवरून खाली उतरून दूध आणत होती. सासर होतं ना. नवरा मुकेश म्हणायचा, भावाने केलं, त्यात माझा काय दोष. त्याचं बरोबरच होतं, आणि म्हणूनच मायाला जास्त राग यायचा.

नव्या बाईचं नाव इनोका. सावळी, लांब केसांची, शारजात शिकलेलं हिंदी बोलणारी. सहावा महिना चालू होता. आल्या दिवशीच तिने सासूला गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला आणि चांगुणाबाई विरघळल्या. पोराने केलेला घात त्यांनी त्या नमस्कारात धुऊन टाकला. विहारात सांगत सुटल्या, आमची सून मूळची बौद्ध आहे हो. आपण छप्पन साली झालो, ही अडीच हजार वर्षांपासूनची. माया लेकीला, मितूला, कडेवर घेऊन मागे उभी राहून ते ऐकायची. तिच्या मीनलबद्दल असं कधी कुणी सांगितलं नव्हतं.

शिकवायचं तर शिकवायचं. मायाने शिकवलं. नळाला पाणी आलं की आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं, आणि पाइपमधून फुसफुस आवाज यायला लागला की अंघोळ अर्धी असली तरी बाहेर यायचं. लाईट जायच्या आत मिक्सर फिरवून घ्यायचा. समोरच्या काकूंना साखर द्यायची, पण वाटी परत मागायची नाही. वॉचमनला भैया म्हणायचं, पण जास्त बोलायचं नाही. उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात, ती तिला पेटीकोट घ्यायला घेऊन गेली. दारातच बजावलं, इथे तोंड उघडायचं नाही, तुझं हिंदी ऐकलं की भाव दुप्पट. सिंधी दुकानदार प्रेमाने भाभीजी भाभीजी करत राहिला, चहा मागवू का म्हणाला, आणि इनोका ओठ घट्ट मिटून मुक्यासारखी उभी राहिली. दुकानदाराने शेवटी मायाला हळूच विचारलं, बहनजी, बेचारी बचपन से ऐसी है क्या? माया म्हणाली, हां. घरी येईपर्यंत ती मनात हसत होती.

एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं.

त्या घरात पंगत एकच. ही चांगुणाबाईंची पद्धत होती आणि त्यात सूट नव्हती. मुकेशला सेकंड शिफ्ट असली तर गोष्ट वेगळी, पण घरात आहे तो प्रत्येक माणूस एकाच वेळी, जमिनीवर, ताटाला ताट लावून बसणार. सून वाढत उभी राहणार नाही, सगळं मधे ठेवून घेतलं जाणार. लहानपणी गावाकडे चांगुणाबाईंनी लोकांच्या अंगणाबाहेर बसून वरून टाकलेली भाकर झेलली होती. पडली तर मातीसकट खाल्ली होती. म्हणून त्यांच्या घरात वाढताना वाटी ताटाला टेकवायची. पोळीसुद्धा लांबून टाकली तर त्यांचा चेहरा बदलायचा.

पहिल्या संध्याकाळी ताटं मांडली तेव्हा मायाच्या शेजारची जागा मोकळी होती. तिथे मीनल बसायची होती. माया ते चित्र मनात कितीदा तरी मांडून बसली होती. दोघी बहिणी एका घरात, शेजारी शेजारी, एकीने दुसरीच्या ताटातलं लोणचं उचलायचं. आणि त्या जागेकडे ही परकी बाई पदर सावरत येत होती. माया स्वयंपाकघराच्या दारातच तिला आडवी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "हमारे में बहू लोग बाद में खाती."

इनोकाने विचारलं, और आप?

"मैं दूध पिलाती ना. मेरा अलग है."

झालं. त्या दिवसापासून इनोका मागून जेवायला लागली. चांगुणाबाईंनी हाक मारली की ती हात जोडायची, हसायची आणि म्हणायची, बाद में, अम्मा. पहिल्यांदा त्यांना वाटलं लाजते आहे. मग वाटलं पोटात ढवळत असेल. दोन-चार वेळा त्या उठून तिला हाताला धरून आणायला गेल्या, तर ती मान हलवत ओट्याला टेकून उभी. तिला वाटत होतं आपण इथली रीत पाळतो आहोत, सासूला बरं वाटेल. चांगुणाबाईंनी हाक मारणं सोडलं. एकदा भाजी निवडता निवडता मायाला म्हणाल्या, "आपल्या ताटाला ताट लावायला कमीपणा वाटतो तिला. मूळची बौद्ध ना ती. आपण छप्पन सालचे."

माया मेथीची देठं खुडत राहिली.

त्यानंतर घराचं वारंच फिरलं. इनोकाने लादी पुसली की चांगुणाबाई ती पुन्हा पुसायच्या. तिने चहा केला की त्या माझा झाला म्हणायच्या. फोनवर महेंद्रला सगळं ठीक आहे म्हणून सांगायच्या आणि फोन तिच्या हातात न देता टेबलावर ठेवायच्या. इनोका मायाला अक्का म्हणायची. अक्का, अम्मा गुस्सा क्यों? मायाने खांदे उडवले. यहाँ सास ऐसीच रहती.

एक गोष्ट मात्र मायाला जमत नव्हती. मितूला तिच्यापासून तोडणं. मितूचं पूर्ण नाव संघमित्रा, चांगुणाबाईंनी विहारातून आणलेलं. इनोकाने ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आमच्याकडे शाळेतलं प्रत्येक पोर ही गोष्ट सांगतं, म्हणाली. राजाची मुलगी, बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापलीकडे आमच्याकडे आली. परकी होती, तिला सगळ्यांनी आपली केली. ती मितूला संघमित्ता म्हणायची आणि तिच्या टाचांचा मुका घ्यायची. मितू खिदळायची. माया काहीतरी निमित्त काढून पोरीला उचलून न्यायची, आणि पोर खांद्यावरून मागे बघत हात पसरायची.

बुद्धपौर्णिमा आली. इनोकाने बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून एक भलामोठा कंदील केला, खाली कागदी झिरमिळ्या सोडलेल्या. बिल्डिंगमधली पोरं बघायला आली. सकाळी ती पांढरी साडी नेसून बाहेर आली. चांगुणाबाईही पांढऱ्या साडीत. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी सासूच्या तोंडून शब्द निघाला, बरी दिसते. विहारातून वंदना करून बायका खिरीला घरी यायच्या होत्या. आज पाहुण्यांदेखत ही पंगतीला बसेल, असं चांगुणाबाईंना कुठेतरी वाटत असावं. त्यांनी एक वाटी जास्त काढून ठेवली होती.

बायका आल्या. जनाबाई सगळ्यांत पुढे, महिला मंडळात त्यांच्या शब्दाला वजन होतं. कंदिलाचं कौतुक झालं. मग हात जोडायला म्हणून त्या फळीकडे वळल्या. फळीवर बुद्ध, बाबासाहेब, समोर मेणबत्त्या आणि मोगरा. आणि त्यांच्या खाली, स्टुलावर, एका छोट्या फ्रेममध्ये निळ्या अंगाचा देव. त्याच्यापुढे वेगळा दिवा.

"चांगुणाबाई," जनाबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे विष्णू कधीपासून राहायला आला?"

ही फ्रेम मायाने पहिल्याच दिवशी, बॅग रिकामी करताना बघितली होती. त्या घरात याचा अर्थ काय होतो ते तिला पक्कं माहीत होतं, आणि इनोकाला ते सांगणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. ती बोलली नव्हती. आपोआप निघेल तेव्हा निघेल, असं म्हणून तिने बॅगेची चेन लावली होती. सणाचा दिवस म्हणून इनोकाने आज, बायका यायच्या आधी, तो बाहेर मांडला होता. आता निघालं होतं.

इनोकाला वाटलं कौतुकच चाललंय. ती पुढे होऊन म्हणाली, "विष्णु देवियो. बुद्ध का चौकीदार है, अम्मा. हमारे मुल्क में ये बुद्ध को संभालता."

"चौकीदार हॉलमध्ये बसत नाही," चांगुणाबाई म्हणाल्या. "काढ तो."

एक बाई फसकन हसली आणि लगेच गप्प झाली. खिरीच्या वाट्या तशाच खाली ठेवल्या गेल्या. जनाबाई चपला घालता घालता मूळच्या बौद्ध सुनेबद्दल काहीतरी पुटपुटल्या, ते जिन्यापर्यंत ऐकू आलं.

दार लागलं. इनोका जागची हलली नव्हती. फ्रेमच्या मागे पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक नाणं होतं, ते तिने दाखवलं. तिच्या आईने गावी या देवापुढे शब्द दिला होता, पोर सुखरूप झालं की नाणं देवळात वाहीन म्हणून. तोपर्यंत गाठ सोडायची नाही आणि देव दूर करायचा नाही. आधीचं एक राहिलं नव्हतं, तेही तिने सांगितलं. महेंद्रने हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

चांगुणाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझा बाप याच्या देवळाच्या पायरीला हात लावायला गेला, तर लोकांनी त्याचा हात मोडला. तो हात जन्मभर वाकडाच राहिला. आम्ही पहिली प्रतिज्ञा कोणती घेतली ते तुझ्या नवऱ्याला विचार. आणि तू माझ्या घरात त्याला दिवा लावते." मग त्यांचा आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. "आमच्या पंगतीला बसायला तुला जमत नाही. हा मात्र चालतो. महेंद्रला फोन लाव माया, म्हणावं तिकीट काढ. आईकडे जाऊन बाळंत हो म्हणावं. अजून विमानात घेतील तोवर जा."

सगळे मराठी शब्द इनोकाला कळले नसतील, पण पंगत कळली आणि तिकीट कळलं. तिने मायाकडे बघितलं. माया मितूला घट्ट धरून वाट बघत होती. आता ही बोट दाखवेल, अक्काने सांगितलं म्हणेल, आणि मग आपण खोटं म्हणायचं, सासू आपल्यावरच विश्वास ठेवेल. सगळं तयार होतं.

इनोका म्हणाली, "गलती मेरी, अम्मा. मैं सामान बाँधती."

आणि ती खाली वाकून स्टूल उचलायला लागली, एक हात पोटाखाली धरून.

हवं होतं ते झालं होतं. संध्याकाळी मीनलला फोन करायचा होता, गेली म्हणून सांगायचं होतं. पण मायाला आठवलं ते कालचं. काल दुपारी सगळ्यांचं झाल्यावर ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर इनोका ओट्यापाशी उभी राहून पातेल्याच्या तळाचा भात बोटाने खरवडून खात होती. तेवढाच उरला होता. दूध पाजणाऱ्या बाईला भूक म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. मायाने ते बघितलं होतं आणि पाणी पिऊन परत आली होती.

"आई," माया म्हणाली, "सुना मागून जेवतात म्हणून तिला मी सांगितलं होतं."

चांगुणाबाईंनी वळून बघितलं.

"का?"

"तिथे मीनल बसायची होती."

खिडकीतला कंदील वाऱ्याने फिरत होता.

"मीनलला माझ्या पोराने फसवलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्याला दारात उभा करून विचारायची तुझी हिंमत झाली नाही. माझीही झाली नाही. आणि तू पोटुशीला उपाशी ठेवलं. माझ्या घरात." त्या एवढ्या शांतपणे बोलल्या, की मितूनेही मान वर करून बघितलं. "ताटं घे."

मायाने ताटं घेतली. चांगुणाबाई स्टुलापाशी गेल्या. फ्रेमला त्यांनी हात लावला नाही. दिवा तेवढा फुंकून विझवला.

"हा हॉलमध्ये नको. माझ्या नजरेपुढे नको. तिच्या आईचा शब्द आहे, तेवढ्यापुरता राहील. बाळ झालं की जाईल." मग मायाकडे न बघता म्हणाल्या, "तोवर तुझ्या पलंगाखाली ठेव. तूच सांभाळ."

मायाने पुसून, फडक्यात गुंडाळून, मितूच्या लंगोटांच्या पेटीमागे तो देव सरकवला. परत आली तेव्हा दोघी बसल्या होत्या. मधे खिरीचं पातेलं. तिच्या शेजारची जागा आता मोकळी नव्हती.

"हमारे में बहू लोग साथ में खाती," माया म्हणाली. हे तिला कधीतरी सांगायला लागणारच होतं.

इनोकाने विचारलं, "और क्या क्या झूठ बोला, अक्का?"

मायाने आठवून बघितलं. "कॅम्प एक में मुँह खोलने का. वो दुकानवाला अच्छा आदमी है."

इनोका हसली नाही. तिने आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मायाच्या शेजारून उठून चांगुणाबाईंच्या पलीकडे जाऊन बसली. चांगुणाबाईंनी इनोकाकडे बघितलं नाही. फक्त वाटी भरली आणि तिच्या ताटाला टेकवून खीर वाढली, मग आणखी एकदा वाढली.

मायाला तिची तिनेच घ्यायची होती.